गिअरबॉक्सचा आवाज आणि जॉब कार्डावरची नोंद

वाढीव वॉरंटीच्या काळात गाडीतून आवाज येऊ लागला की तो कोणत्या भागातून येतो या प्रश्नात पैशांचाही प्रश्न दडलेला असतो, कारण भागाचे नाव ठरले की खर्च कोणाचा हेही त्याच क्षणी ठरून जाते. आवाज टायरचा असेल तर खर्च मालकाचा. माझ्या योजनेत चाकाचे बेअरिंग झिजणाऱ्या भागांच्या यादीत असल्यामुळे त्याचाही खर्च मालकाचा. आणि आवाज गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा असेल तर तो कंपनीचा. माझ्या गाडीच्या बाबतीत पहिले दोन निष्कर्ष एकामागून एक काढले गेले, दोन्ही चुकीचे निघाले, आणि तिसऱ्यापर्यंत पोहोचायला जो वेळ लागला त्यात वॉरंटीची किलोमीटरची मर्यादा दर आठवड्याला जवळ येत होती. ज्यांची गाडी अशाच टप्प्यावर आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळा प्रकार घडला तसा लिहीत आहे.

मी साताऱ्यात राहते आणि कराडच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पुणे-बंगळूर महामार्गावरचा हा सुमारे ५० किलोमीटरचा टप्पा नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज असा जातो आणि सहापदरीकरणाच्या कामामुळे त्यावर जुने डांबर, नवे काँक्रीट आणि खडबडीत वळणरस्ते असे सगळेच लागते. गाडी पेट्रोलची, पाच गिअरची, पुढची चाके ओढणारी लहान हॅचबॅक आहे. कंपनीची मूळ वॉरंटी आणि तिला जोडून विकत घेतलेली वाढीव वॉरंटी मिळून पाच वर्षे किंवा १,००,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते, अशी मर्यादा होती. रोजच्या प्रवासामुळे माझ्या बाबतीत वर्षांच्या आधी किलोमीटर संपणार हे पहिल्यापासून ठाऊक होते, म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्ये, ठरलेल्या किलोमीटरच्या आत करून बिले एका फाइलमध्ये ठेवली होती. त्या फाइलचा पुढे फार उपयोग झाला.

मीटर ९०,००० च्या जवळ आला असताना आवाज सुरू झाला. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे तो जाणवू लागे आणि ८० ला स्पष्ट होई. दूर कुठेतरी पिठाची चक्की चालू असावी तशी सलग, एकसुरी घरघर. वेग वाढला की सूर चढे, वेग कमी झाला की उतरे. गिअर टाकताना खटका नव्हता, स्टिअरिंग थरथरत नव्हते, गाडी एका बाजूला ओढत नव्हती. गाडी व्यवस्थित चालत होती आणि नेमकी हीच गोष्ट पुढे अडचणीची ठरली.

वर्कशॉपच्या सल्लागाराने पहिल्यांदा गाडी चालवून पाहिली ती शहरातल्या रस्त्यावर. तिथे ४० च्या पुढे वेग जाणे शक्य नव्हते आणि आवाज ६० नंतरचा होता. परत आल्यावर त्याने पुढच्या टायरच्या कडांवरून हात फिरवला, नक्षीच्या कडा एका दिशेने खरबरीत झाल्याचे दाखवले आणि टायर बदलण्याचा सल्ला दिला. टायरची अशी झीज आवाज करते हे खरे आहे आणि त्याने दाखवलेली झीजही खरी होती. पण झीज दिसली म्हणजे आवाज तिचाच आहे असे ठरत नाही. त्यासाठी पुढची चाके मागे आणि मागची पुढे करून पाहावे लागते. आवाज टायरचा असेल तर तो जागा तरी बदलतो किंवा त्याची जात तरी बदलते. मी तेवढेच करून देण्याची विनंती केली. चाके अदलाबदल झाली आणि आवाज होता तसाच, होता तिथेच राहिला.

त्या दिवशीचे जॉब कार्ड, म्हणजे तक्रार आणि केलेले काम नोंदवून वर्कशॉपने दिलेला कागद, मी घरी येऊन नीट वाचला. त्यावर ‘टायरचा आवाज, ग्राहकास कळवले’ एवढेच होते. मी केलेली तक्रार, म्हणजे ६० च्या पुढे पुढच्या भागातून येणारा सलग आवाज, कुठेच नोंदवलेली नव्हती. वॉरंटीच्या दृष्टीने या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. पहिल्या वाक्याने दोष ग्राहकाच्या खर्चाच्या भागात बंद होतो. दुसऱ्याने इतकेच सिद्ध होते की अमुक तारखेला, अमुक किलोमीटरला, वॉरंटी चालू असताना ग्राहकाने लक्षण सांगितले होते. पुढे निदान बदलले तरी ती तारीख टिकते. दुसऱ्याच दिवशी मी ईमेलने लक्षणाचे पूर्ण वर्णन, मीटरचा आकडा आणि चाकांच्या अदलाबदलीनंतर फरक पडला नसल्याचे कळवले आणि हे जॉब कार्डाच्या नोंदीला जोडावे असे लिहिले. उत्तर आले नाही, पण तो ईमेल पुढे सगळ्यात जास्त कामाला आला.

पुढच्या भेटीत गाडी रॅम्पवर चढवून चाके फिरवून पाहिली गेली. तंत्रज्ञाने लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक एकेका ठिकाणी टेकवून दांडा कानाला लावला आणि पुढच्या डाव्या चाकाचे बेअरिंग गेले असल्याचे सांगितले. ही पद्धत जुनी आहे आणि चांगल्या हातात तिचा उपयोगही होतो. पण रॅम्पवर चाके हवेत लोंबकळत असतात, त्यांच्यावर गाडीचे वजन नसते आणि इंजिनावरही ओढण्याचा भार नसतो. भाराखाली बोलणारे बेअरिंग तिथे जवळजवळ गप्प बसते. शिवाय चाक लोंबत असताना ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकापर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याचे, सांधे रस्त्यावर नसतात इतक्या कोनात वाकलेले असतात आणि त्यांचेच वेगळे आवाज सुरू होतात. त्यातून गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट आणि चाकाचा हब हे लोखंडाने लोखंडाला जोडलेले असल्यामुळे एका ठिकाणचा आवाज दुसऱ्या ठिकाणी ऐकू येणे अगदी स्वाभाविक आहे. मी रस्त्यावर, निदान ८० च्या वेगाने, माझ्यासोबत गाडी चालवून पाहा असे सुचवले. कामाची गर्दी होती आणि सल्लागाराला निदानाची खात्री होती. बेअरिंग बदलले गेले, मजुरीसह काही हजार रुपयांचे बिल मी भरले आणि जुने बेअरिंग मागून घेतले.

संध्याकाळी महामार्गावर आवाज पूर्वीइतकाच होता.

जुने बेअरिंग हातात घेऊन फिरवले तर ते गुळगुळीत फिरत होते, पण त्यावरून मी काही निष्कर्ष काढला नाही आणि इतरांनीही काढू नये असे वाटते. दाबून बसवलेले बेअरिंग काढताना इतका जोर लावावा लागतो की चांगलेही खराब होऊ शकते, आणि हातात मोकळे फिरणारे बेअरिंग वजनाखाली आवाज करणार नाही याची खात्री नसते. खरा पुरावा एकच होता: भाग बदलूनही लक्षण तसूभर बदलले नव्हते. हे मी पुन्हा लेखी कळवले. यावर जे उत्तर मिळाले त्याने मात्र मी अस्वस्थ झाले. ‘या वयाच्या गाडीला असा आवाज सामान्य आहे’ असे सांगून वॉरंटी पुस्तिकेतले एक कलम मला दाखवण्यात आले: गाडीच्या कार्यावर परिणाम न करणारे किरकोळ आवाज व कंपने वॉरंटीत येत नाहीत. म्हणजे चाकाचे बेअरिंग बदलताना जो आवाज दोष होता, तोच माझ्या पैशांनी झालेली दुरुस्ती फसल्यावर किरकोळ ठरला होता.

या कलमाला उत्तर द्यायचे तर आवाज एखाद्या भागाच्या बिघाडाचे लक्षण आहे हे दाखवावे लागणार होते. म्हणून मी आवाजाच्या अटी वेगळ्या करायचे ठरवले. चालत्या मोटारीतल्या फिरणाऱ्या भागांचे ढोबळ तीन गट करता येतात: इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर फिरणारे, गाडीच्या वेगाबरोबर फिरणारे, आणि ज्यांचा आवाज भारावर अवलंबून असतो असे, यातला तिसरा गट पहिल्या दोन्हींना छेदून जातो. माझ्या गाडीचे टायर १८५/६५ आर १५ आहेत, त्यांचा घेर साधारण १.९५ मीटर भरतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला अकराच्या आसपास फेऱ्या घेते. शेवटच्या गिअर जोडीचे प्रमाण चारास एक धरले तर गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला पंचेचाळीसच्या आसपास फिरतो. हा शाफ्ट आणि चाक दोन्ही गाडीच्या वेगाशी बांधलेले आहेत. इंजिनाशी बांधलेला असतो तो गिअरबॉक्सचा आत येणारा शाफ्ट.

काशीळ ते उंब्रजच्या दरम्यान एका सपाट, मोकळ्या पट्ट्यावर रविवारी सकाळी मी गाडी चालवली आणि माझा भाऊ शेजारी बसून फोनवर ध्वनिमुद्रण करत नोंदी लिहीत गेला. आधी ८० चा वेग पाचव्या गिअरमध्ये धरला, मग तोच वेग चौथ्यात. इंजिनाच्या फेऱ्या बऱ्याच वाढल्या, पण घरघरीचा सूर हलला नाही. त्यामुळे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सचा आत येणारा शाफ्ट हे तिन्ही बाजूला झाले. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये क्लच दाबून आणि सोडून पाहिले, दोन्ही वेळा शांतता होती. आत येणाऱ्या शाफ्टचे बेअरिंग गेले असते तर क्लच सोडल्यावर आवाज यायला हवा होता आणि दाबल्यावर बंद व्हायला हवा होता, आणि क्लचचे रिलीज बेअरिंग गेले असते तर याच्या उलट. मग डांबरावरून नव्या काँक्रीटवर गाडी नेली. टायरचा खळखळाट वाढला, पण त्याच्याखालची घरघर तशीच राहिली. लांब वळणांवर डावीकडे आणि उजवीकडे फरक पडतो का ते पाहिले. वळताना वजन बाहेरच्या चाकावर जाते, त्यामुळे डावे बेअरिंग खराब असेल तर उजव्या वळणावर आवाज वाढायला हवा. तो कोणत्याच बाजूला वाढला नाही.

शेवटची चाचणी सगळ्यात बोलकी ठरली. ८० च्या वेगाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की आवाज भरदार होई. पाय उचलला आणि गाडी इंजिनाच्या ओढीने मंद होऊ लागली की तो लगेच पातळ होऊन त्याचा पोत बदले. मागेपुढे कोणी नसताना थोडा वेळ न्यूट्रलमध्ये सोडले की तो फारच क्षीण होई, पण पूर्ण जात नसे. (हे फक्त सपाट, रिकाम्या रस्त्यावर करावे, घाटात उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे धोक्याचे आहे.) चाकाच्या बेअरिंगवर गाडीचे वजन असते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याने वा सोडल्याने त्या वजनात फारसा फरक पडत नाही. डिफरन्शियलच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्याच आत बसून दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या जोडणीच्या, बेअरिंगचे तसे नसते. अशा गाड्यांमध्ये शेवटच्या गिअर जोडीचे दाते तिरपे कापलेले असतात, त्यामुळे फिरवण्याच्या जोराबरोबर एका बाजूला ढकलणारा जोरही तयार होतो, आणि इंजिन गाडीला ओढत असताना तो ज्या दिशेला असतो त्याच्या उलट दिशेला तो गाडी इंजिनाला ओढू लागली की जातो. भार एका बाजूच्या बेअरिंगवरून दुसऱ्या बाजूच्या बेअरिंगवर सरकतो. पाय उचलताक्षणी बदलणारा, गिअरला न जुमानणारा आणि वळणाला दाद न देणारा आवाज यामुळे गिअरबॉक्सच्या आत, बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या किंवा डिफरन्शियलच्या बेअरिंगकडे बोट दाखवत होता.

हे सगळे एका पानावर लिहिले: अट, अपेक्षित फरक, प्रत्यक्षात आढळलेले. निदान मी लिहिले नाही. ते करण्याचा अधिकार आणि जबाबदारी वर्कशॉपची आहे, आणि ग्राहकाने भागाचे नाव लिहून दिले तर पुढे ‘ग्राहकाच्या सांगण्यावरून काम केले’ अशी पळवाटही तयार होते. ते पान घेऊन मी गाडी त्याच कंपनीच्या कराडमधल्या दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. कंपनीची वाढीव वॉरंटी सहसा गाडीवर असते, ती विशिष्ट वर्कशॉपशी बांधलेली नसते, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते.

तिथल्या फोरमनचे वय साठीच्या आसपास असावे. त्यांनी पान शांतपणे वाचले, खिशात ठेवले आणि म्हणाले, “मॅडम, गाडी मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. आवाज आला की हात वर करा, बोलू नका. बोललात की मला ऐकू येणार नाही.” तासवडे टोलनाक्याच्या अलीकडून आम्ही परत फिरलो. त्यांनी माझ्या पानावरच्या सगळ्या चाचण्या स्वतः करून पाहिल्या, आणि वर्कशॉपमध्ये आल्यावर आणखी एक केली, जी मला ठाऊक नव्हती: पुढचे चाक उचलून ते हाताने जोरात फिरवायचे आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. चाकाचे बेअरिंग खरबरीत झाले असेल तर त्याची बारीक थरथर स्प्रिंगमधून तळहाताला स्पष्ट कळते. दोन्ही बाजूंना स्प्रिंग शांत होती. “चाकात काही नाही,” ते म्हणाले. “डब्यातच आहे, गिअरबॉक्समध्ये. पण डबा उघडायचा तर वरून परवानगी लागेल.” ही चाचणी करायला एक जॅक आणि दोन हात लागतात. ती पहिल्या वर्कशॉपमध्ये झाली असती तर एक चांगले बेअरिंग वाया गेले नसते, असे मला आजही ठामपणे वाटते.

त्यांनी जॉब कार्डावर तक्रारीच्या रकान्यात माझ्या पानातली वाक्ये जशीच्या तशी टाइप करायला लावली आणि ‘रस्त्यावर चाचणी घेतली, आवाज पडताळला, भारानुसार बदलतो’ अशी स्वतःची नोंद खाली जोडली. इथपर्यंत सगळे सुरळीत झाले. पण परवानगी देणारा कंपनीचा विभागीय अभियंता सहमत नव्हता. वर्कशॉपची आणि त्याची अडचण मी समजून घेतली आणि ती खोटी नव्हती: वॉरंटीत बदललेला भाग कंपनी तपासते, आणि उघडलेल्या गिअरबॉक्समध्ये दोष सापडला नाही तर दावा फेटाळला जातो व कित्येक तासांची मजुरी वर्कशॉपच्या अंगावर पडते. म्हणून माझ्यापुढे एक संमतिपत्र ठेवण्यात आले: उघडल्यावर वॉरंटीत बसणारा दोष न आढळल्यास मजुरी ग्राहक देईल. मी सही करायला तयार होते, पण त्याआधी गिअर ऑइल माझ्यासमोर काढून तपासावे अशी विनंती केली. त्यासाठी काही उघडावे लागत नाही, खर्च नगण्य असतो आणि ऑइल खोटे बोलत नाही.

बऱ्याच गाड्यांत, माझ्याही, गिअरबॉक्सच्या खालच्या निचरा बोल्टला (ऑइल काढण्याच्या बोल्टला) चुंबक असतो. निरोगी गिअरबॉक्समध्ये त्यावर राखाडी, मलमासारखा मऊ थर जमतो. ती दातांची नेहमीची बारीक झीज असते आणि तिची काळजी करायचे कारण नसते. आमच्या बोल्टवर त्या थरात चकाकणारे पापुद्रे होते, बोटांत धरता येतील इतके मोठे. ऑइल पसरट भांड्यात उन्हात धरल्यावर त्यातही ते दिसले. बेअरिंगमधले गोळे किंवा रोलर ज्या पोलादी वाटेवरून फिरतात तिच्यावर सतत भार येऊन पृष्ठभागाच्या किंचित खाली सूक्ष्म तडे जातात, ते वाढत वर येतात आणि धातू खपलीसारखा सुटतो. असे पापुद्रे त्याच खपल्यांचे असतात, आणि ते ऑइलबरोबर फिरत राहून चांगल्या भागांनाही ओरखडतात. फोरमननी बोल्टचे, भांड्याचे आणि मीटरचे फोटो एकाच वेळी घेतले, ऑइलचा नमुना बाटलीत भरून त्यावर गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहिली, आणि हे सगळे अभियंत्याला पाठवले. ‘गाडीच्या कार्यावर परिणाम न करणारा किरकोळ आवाज’ हे कलम त्यानंतर कोणी पुढे केले नाही. संमतिपत्राशिवायच परवानगी आली.

उघडल्यावर डिफरन्शियलच्या एका बाजूच्या शंक्वाकार रोलर बेअरिंगची बाहेरची कडी खपल्या सुटल्यासारखी झालेली निघाली आणि बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवरही ओरखडे होते. दाते सुदैवाने शाबूत होते. इथे एका गोष्टीसाठी मला आग्रह धरावा लागला. अभियंत्याने मंजूर केलेल्या यादीत फक्त ते एक बेअरिंग होते. पण धातूचे कण सगळ्या गिअरबॉक्समधून फिरलेले असताना एकच बेअरिंग बदलून डबा बंद करणे म्हणजे तोच बिघाड वॉरंटी संपल्यावर माझ्या खर्चाने पुन्हा आमंत्रित करणे होते. फोरमनचेही हेच मत होते आणि ते त्यांनी लेखी दिले. शेवटी गिअरबॉक्समधली सगळी बेअरिंगे, ड्राइव्ह शाफ्टची ऑइल सीले, पूर्ण धुलाई आणि नवे ऑइल मंजूर झाले. ऑइल आधी ‘खपणारी वस्तू’ म्हणून माझ्या बिलात दाखवले होते. वॉरंटीतल्या दुरुस्तीचा भाग म्हणून लागणारे वंगण माझ्या पुस्तिकेत वगळलेले नव्हते, ते कलम दाखवल्यावर तो आकडा काढण्यात आला. अशा बेअरिंगांना पातळ शिम (चकत्या) घालून नेमका पूर्वदाब, म्हणजे बसवतानाच दिलेला दाब, द्यावा लागतो, तो कमी पडला तर गिअर हलतात आणि जास्त झाला तर बेअरिंग तापते, म्हणून मोजमापाची नोंदही कार्डावर घ्यायला सांगितली. या सगळ्या कामाचा खर्च स्वतः करावा लागला असता तर अंदाजपत्रक ४०,००० रुपयांच्या पुढे गेले असते.

गिअरबॉक्स खाली उतरलेला असताना क्लच समोर उघडा दिसतो आणि तो बदलून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो सल्ला वाईट नसतो, कारण क्लच बदलताना मोठी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याचीच असते आणि ती इथे आधीच झालेली असते. मी फक्त प्लेटवर किती जाडी शिल्लक आहे ते मोजून सांगायला सांगितले. रिव्हेटच्या डोक्यापर्यंत फारच थोडे अस्तर उरले होते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मी माझ्या पैशांनी घेतले. मजुरी वेगळी लागली नाही. हा खर्च मला पटलेला होता, कारण त्यामागे मोजमाप होते.

गाडी हातात आल्यावर पहिल्या वर्कशॉपकडचा हिशेब बाकी होता. तिथल्या वर्क्स मॅनेजरना मी चाकाच्या बेअरिंगचे बिल, माझे दोन्ही ईमेल, दुसऱ्या वर्कशॉपचे जॉब कार्ड आणि फोटो पाठवले आणि बिलाची रक्कम परत मागितली. पत्राची भाषा साधी ठेवली. रस्त्यावर चाचणी घेण्याची मी मागणी केलेली असताना ती न घेता चुकीच्या निदानावर भाग बदलणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या अर्थाने सेवेतील त्रुटी आहे एवढेच नमूद केले, आणि उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर व त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन असे लिहिले. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जाता येते, ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगात चालतात आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, हे मी पत्र लिहिण्यापूर्वी वाचून घेतले होते. वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता येते ही गोष्टही महत्त्वाची आहे. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हापासून आपल्याकडे ग्राहकांना मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते गावोगावी आहेत. साताऱ्यातल्या अशाच एका कार्यकर्त्याने माझा मसुदा वाचून त्यातली रागाची दोन वाक्ये काढायला लावली आणि तारखा वाढवायला सांगितल्या. पत्र त्यामुळे लहान झाले आणि जड झाले.

आयोगापर्यंत जावे लागले नाही. वर्क्स मॅनेजरनी भेटायला बोलावले, कागद माझ्यासमोर वाचले, मजुरी पूर्ण परत केली आणि बेअरिंगची किंमत पुढच्या सर्व्हिसिंगच्या बिलातून वजा करण्याचे लेखी दिले. नवे बेअरिंग गाडीत आहे आणि ते मला वापरायला मिळते आहे, हे त्यांचे म्हणणे मला अमान्य करता आले नाही. मी त्यांच्याकडे आणखी एक मागणी केली: महामार्गावरच्या वेगातच येणाऱ्या आवाजाची तक्रार असेल तर ग्राहकासोबत महामार्गावर चाचणी घेतल्याशिवाय भाग बदलू नये, अशी सूचना सल्लागारांना द्यावी. ती त्यांनी मान्य केली असे म्हटले. ती पाळली जाते की नाही हे तिथे जाणाऱ्या पुढच्या ग्राहकांनाच पाहता येईल.

एक मुद्दा अजून सुटायचा होता. वॉरंटीत बदललेल्या भागांना मूळ योजनेचा उरलेला काळच मिळतो असे पुस्तिकेत होते, आणि माझ्या योजनेचे काही हजार किलोमीटरच शिल्लक होते. इतकी मोठी जोडणी इतक्या थोड्या अंतराच्या भरवशावर सोडून देणे मला मान्य नव्हते. कंपनीने कालावधी वाढवून दिला नाही. कराडच्या वर्कशॉपने मात्र आपल्या कारागिरीबद्दल, म्हणजे जोडणी, शिमचे माप आणि सीलांची गळती यांबद्दल, दुरुस्तीच्या तारखेपासून सहा महिन्यांची जबाबदारी लेखी घेतली. त्याशिवाय मर्यादा संपण्याच्या थोडे आधी गाडी पुन्हा रॅम्पवर घेऊन निचरा बोल्ट काढून पाहायचे फोरमननी स्वतःहून सुचवले, म्हणजे काही राहिले असेल तर ते वॉरंटीतच नोंदवले जाईल. ठरल्याप्रमाणे मी ९९,००० च्या आत गाडी नेली. चुंबकावर नेहमीचा राखाडी थर होता, पापुद्रे नव्हते, सीले कोरडी होती. फोरमननी ऑइलची पातळी भरून घेतली, कार्डावर मीटरचा आकडा, बोल्टची स्थिती आणि ‘८० च्या वेगाला आवाज नाही’ अशी नोंद केली, आणि आम्ही दोघांनी त्याखाली सह्या केल्या.